दोन राउंडमध्ये दम लागतो? एकदा इको करा

नमस्कार मंडळी. नवरात्र आलीच आहे, बडोद्यात जिकडेतिकडे गरब्याची प्रॅक्टिस, म्हणून आज दम लागण्याबद्दल जरा गप्पा मारू या. गेल्या वर्षी दांडिया बाजारातल्या एक ताई आल्या, वय ४२, म्हणाल्या, "डॉक्टर, दोन राउंड झाले की बसावं लागतं, पावागडला रोपवेनं गेले तरी वरच्या पायऱ्यांवर दोनदा टेकले." चार वर्षं दम्याचा पंप चालू, फरक शून्य. कोणी वजनावर ढकललं, कोणी टेन्शनवर, घरचे तर म्हणे वय झालं. बेचाळिशीत कसलं वय हो!

स्टेथोस्कोप लावला. आपण लब-डब म्हणतो ना, त्यातला 'डब' फुटून येत होता, लब-डडब, लब-डडब. श्वास आत घेताना तो कुणाचाही थोडा फुटतो, पण सोडला की जुळतो, यांचा जुळतच नव्हता. ओपीडीच्या घाईत हे सुटतं, माझंही सुटलंय, खोटं कशाला बोलू.

इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात हृदयाची उजवी बाजू फुगलेली आणि वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, जन्मापासूनचं! डावीकडचं रक्त त्यातून उजवीकडे गळतं आणि फुफ्फुसांच्या उगाच फेऱ्या मारतं, लहानपणी शरीर खपवून घेतं, पुढे डावी बाजू जरा कडक झाली की गळती वाढते आणि दम लागायला लागतो.

भोक वर, मोठ्या शिरेच्या तोंडाशी असलं तर साध्या इकोत दिसतही नाही. रिपोर्टमध्ये उजवी बाजू मोठी लिहिलीय आणि कारण लिहिलेलं नाही, तर विचारा, का मोठी? मग घशातून नळी घालून इको करतात, सीटी करतात, किंवा सलाइन दोन सिरिंजमध्ये इकडून तिकडे ढकलून त्याचे बुडबुडे हाताच्या शिरेत सोडतात आणि स्क्रीनवर बघत बसतात कुठून कुठे जातात ते.

गंमत म्हणजे हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) लावून हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं, १९५३ साली, अमेरिकेत, डॉ. गिबन यांनी केलेलं, ते ह्याच भोकाचं होतं, १८ वर्षांच्या मुलीचं. आता बऱ्याच जणांना मांडीच्या शिरेतून भोक बुजवणारं छोटं डिव्हाइस बसवून काम होतं. पण फारच उशीर झाला, फुफ्फुसातलं प्रेशर चढलं, ओठ-नखं निळी पडायला लागली, की भोक बंद करणंच धोक्याचं.

आणि हो, हे ऐकून कोणी आपला पंप परस्पर बंद करू नका, दमा खराखुराही असतो!

ताईंचं डिव्हाइस मार्चमध्ये बसलं. यंदा गरब्याचा पास काढलाय. पंप मात्र अजून कपाटात आहे, म्हणाल्या, एवढे पैसे घातलेत, टाकवत नाही.