पट्ट्याचं तिसरं भोक

[दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेतलं घर. खुंटीला अडकवलेला चामडी पट्टा.]

हा पट्टा बघा. विकत घेतला तेव्हाची भोकं पाच. पुढची तीन घरी दाभणानं पाडलेली, म्हणून वेडीवाकडी. पहिलं पाडलं गोडी छाटणीच्या सुमारास, दुसरं दिवाळी झाल्यावर, तिसरं मणी फुगायला लागले तेव्हा.

पट्ट्याच्या मालकांचं वय 58. त्याच पावसाळ्यात त्यांना साखर निघाली होती. चहा बिनसाखरेचा झाला, भात बंद झाला, त्यानंच वजन उतरलं असं घरच्यांनी धरलं. भावकीतल्या लोकांनी तर कौतुक केलं, "दादा, पोट गेलं, बरं झालं!"

मग डोळे पिवळे झाले. काविळीच्या झाडपाल्यात तीन आठवडे गेले. त्यानंतर सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि एके दिवशी सकाळी नाशिकरोडवरून पंचवटी एक्सप्रेस. मुंबईत कळलं, स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातलाय. ऑपरेशन होणार नाही.

[दृश्य: पोटाची साधी रेखाकृती.]

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं असतं. लांबी जेमतेम 15 सेंटीमीटर. तिथली लहान गाठ हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. निदान होतं तेव्हा शंभरातल्या 15-20 जणांचंच ऑपरेशन करता येतं. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात तेराच्या आसपास.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की हा आजार एका रात्रीत होत नाही. गाठींमधले जनुकीय बदल मोजून शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं, की पहिल्या बदलापासून खरी कर्करोगाची पेशी तयार व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ जातो. म्हणजे वेळ असतो. त्या वेळात बघायचं कुठे, हे कळत नाही.

एक धागा साखरेचा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. सुरेश चारी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं, की पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह निघालेल्यांत हजारी आठ-नऊ जणांना तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. साखर वाढली आणि वजन मात्र उतरत चाललं, तर संशय अधिक. इथे साखर हे आजाराचं कारण नसतं, त्याची पहिली चाहूल असते.

पण मग उरलेल्या नऊशे नव्वद जणांचं काय? सगळ्यांचे स्कॅन काढायचे तर खर्च वेगळा, घाबरवणं वेगळं, आणि नसत्या गाठीमागे लागून सुई घालणं वेगळं. आधी रक्तावरून चाळणी लागेल. रक्तातला सीए 19-9 नावाचा पदार्थ मोजायची तपासणी आहे, पण ती त्या कामाची नाही. साध्या काविळीतही तो वाढतो, आणि काही माणसांच्या शरीरात तो पदार्थ बनतच नाही.

नवी चाळणी शोधायची तर आजार दिसण्याआधीचं रक्त हवं. हजार माणसांचं रक्त घ्या, गोठवून ठेवा, तीन वर्षं त्यांची विचारपूस करत राहा. हाती रुग्ण लागतील आठ-नऊ! आठ जणांवरून काय सिद्ध होणार? म्हणूनच अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून 10,000 नव्या मधुमेहींचा गट ठरवला, ब्रिटनमध्ये 2,500 जणांचा. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांहून कमी आढळतो, म्हणजे आपल्याला गट आणखी मोठा लागणार. एका रुग्णालयाच्या आवाक्यातली गोष्टच नाही ही.

[दृश्य: उणे 80 अंशांचा फ्रीजर. दार उघडताच बाहेर पडणारी वाफ.]

पैसा लागतो तो अशा ठिकाणी. फ्रीजर, वीज गेली तर जनरेटर, आणि दर सहा महिन्यांनी फोन करून "काका, वजन किती भरलं?" विचारणारी नर्स. एका गावी रक्त तासाभरात यंत्रात फिरवून त्याचे घटक वेगळे केले आणि दुसऱ्या गावी चार तासांनी, तर दोन्हींची तुलना फसते. सगळीकडे एकच रीत शिकवायलाही माणूस लागतो.

कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. सरकारी संस्थांमधलं वैद्यकीय संशोधन त्यात बसतं. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखाने आहेत, म्हसरूळला 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 2012 पासून देशातली कर्करोग रुग्णालयं जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. पण देणगी यंत्राला मिळते. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, नर्सच्या पगारावर कुठे लावणार?

आणि पैसा आला तरी गोठवलेले रक्ताचे नमुने कोणाचे, हा वाद राहतोच. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी पाणी वाटून घ्यायची फडाची जुनी रीत आहे. पाट सगळ्यांचा, गाळ काढायला सगळे, पाणी पाळीनं. नमुन्यांचा करार लिहिणाऱ्यांनी एकदा तिथल्या पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी बोलावं.

[दृश्य: पिंपळगावचा एक दवाखाना. संध्याकाळ. वजनकाटा.]

डॉक्टरांच्या वहीत नवी ओळ. वय 54, साखर नवीन, तीन महिन्यांत वजन 6 किलो कमी. सहाच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल. समोरच्या बाई चिठ्ठी उलटसुलट करून बघतात.

"डॉक्टरसाहेब, साखरेला स्कॅन कशाला?"

बाहेर अजून अकरा पेशंट आहेत. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात.