जेवढं आत, तेवढं बाहेर

सोनोग्राफीच्या पडद्यावर उघडमीट करतोय तो हृदयाचा डावा निलय, म्हणजे शरीराकडे रक्त ढकलणारा कप्पा. पूर्ण भरला की त्यात साधारण 120 मिलिलिटर रक्त मावतं. एका ठोक्यात 70 बाहेर पडतं, उरलेलं आतच राहतं. मिनिटाला 70 ठोके धरले, तर झाले जवळपास पाच लिटर.

आता झोपलेल्या माणसाचे पाय उचलून धरलेत. पायांतलं रक्त उतरून छातीकडे आलं. निलय बघा, आधीपेक्षा जास्त फुगलाय. आणि पुढचा ठोका? तोही जास्त जोरकस.

हुकूम कोणी सोडला? आपण लगेच मेंदूचं नाव घेतो, सगळं श्रेय त्याला द्यायची सवयच आहे. पण इथे निर्णय स्नायूचा. स्नायूचे तंतू ताणले गेले की आकसण्याचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमला जास्त चटकन दाद देतात आणि तेवढ्याच जोराने आकसतात.

हे जुनं छायाचित्र जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांचं. 1895 मध्ये त्यांनी बेडकाच्या हृदयावर हे मोजलं. पुढे 1914 मध्ये लंडनला अर्नेस्ट स्टार्लिंग आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याचं हृदय आणि फुप्फुसं मेंदूपासून तोडली आणि टाकीतून रक्त सोडलं. प्रवाह वाढवला, हृदयाने जास्त रक्त फेकलं. कमी केला, कमी फेकलं. मज्जातंतू एकही नाही!

एक साधा हिशोब करा. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथून ते डावीकडे येतं. उजव्या बाजूने डावीपेक्षा दर ठोक्याला एकच मिलिलिटर जास्त फेकलं, तर दहा मिनिटांत 700 मिलिलिटर रक्त फुप्फुसांत तुंबेल. तसं होत नाही, कारण जास्तीचं रक्त डावीकडे पोचतं, तिलाही ताणतं, आणि तीही जोर वाढवते.

मेंदूचा वाटा आहेच. व्हेगस मज्जातंतू ठोके मंदावतो, सिम्पथेटिक वाढवतो. धावताना मिनिटाला वीस लिटर लागतात, तेव्हा वेगाशिवाय भागत नाही.

पण ट्रेडमिलवरच्या या गृहस्थांकडे बघा. हृदय प्रत्यारोपणाचं, मज्जातंतू कापलेले. चालायला लागले, तरी मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा सुरुवातीला फारसा हलत नाही. पोटऱ्या मात्र रक्त वर ढकलतायत, हृदय जास्त भरतंय, जास्त फेकतंय. ठोके वाढतील ते थोड्या वेळाने, रक्तातून अॅड्रेनालिन येऊन पोचल्यावर.

स्नायूच कमकुवत झाला तर मात्र निलय फुगतो, पण जोर येत नाही; धाप लागते, पाय सुजतात. तिथे उपचार लागतात.