टाकीतली चंद्रकोर

श्रोतेहो, नमस्कार.

आज तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या, म्हणजे रिफायनऱ्यांच्या, आकाशातून काढलेल्या छायाचित्रांबद्दल बोलायचं आहे. टाक्यांत किती तेल आहे आणि एखादा देश बाहेरच्या तेलावर कसा अवलंबून आहे, हे त्यांवरून कसं ताडतात ते पाहू. रेडिओवर छायाचित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी एक छोटा प्रयोग. सरळ कडांचा, रुंद तोंडाचा डबा घ्या. आत सैलसर बसेल अशी थर्माकोलची चकती कापा. डबा अर्धा पाण्याने भरा, चकती पाण्यावर सोडा आणि डबा तिरप्या उन्हात ठेवून बरोबर वरून बघा. एक सावली डब्याबाहेर जमिनीवर पडलेली दिसेल. दुसरी आत, चकतीवर, चंद्रकोरीसारखी. पाणी ओतत जा. चकती वर येईल तशी कोर बारीक होत जाईल आणि डबा काठोकाठ भरला की नाहीशी होईल. बाहेरची सावली मात्र होती तेवढीच राहील.

कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्यांचं असंच असतं. कच्च्या तेलाची आणि पेट्रोलची वाफ चटकन होते. पक्क्या छपराखाली मोकळी जागा राहिली की तिथे वाफ साठते, माल वाया जातो आणि आगीचा धोका वाढतो. म्हणून छप्पर थेट तेलावरच तरंगत ठेवतात. तेलाबरोबर ते वरखाली होतं. त्याच्या कडेने सील बसवलेलं असतं, आणि छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीने बाहेर काढतात. ही नळी तुंबली तर पाण्याच्या भाराने छप्पर कलतं, कधी बुडतंही.

आता मोजमाप. समजा, टाकीचा व्यास 80 मीटर आणि उंची 20 मीटर आहे. सूर्य क्षितिजापासून साधारण 30 अंशांवर असताना तिची बाहेरची सावली 35 मीटरच्या आसपास पडते. आतली कोर मधोमध, सूर्याच्या दिशेने मोजली आणि 14 मीटर भरली. 14 भागिले 35 म्हणजे 0.4. याचा अर्थ 40 टक्के टाकी रिकामी, 60 टक्के भरलेली. आत सुमारे 60,000 घनमीटर तेल आहे. एका बॅरलमध्ये जवळपास 159 लिटर मावतं, तेव्हा हे झालं 3 लाख 80 हजार बॅरल. दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या असल्यामुळे गुणोत्तर काढताना सूर्याचा कोन माहीत असण्याचीही गरज पडत नाही. ही या पद्धतीची खरी सोय.

चुका कुठे होतात? पहिली चूक वेळेची. सूर्य डोक्यावर असेल तर दोन्ही सावल्या इतक्या आखूड होतात की हिशेब दोन-चार ठिपक्यांवर येतो. चित्रातला एक ठिपका अर्ध्या मीटरचा धरला, तर वरच्या उदाहरणात आतली सावली मोजताना एका ठिपक्याची चूक झाली तरी जवळपास 9,000 बॅरलचा फरक पडतो. दुसरी चूक बांधामुळे होते. गळती झाली तर तेल पसरू नये म्हणून टाक्यांभोवती बांध घातलेला असतो. सावली त्या चढावर पडली की आखूड दिसते आणि टाकी आहे त्यापेक्षा रिकामी वाटते. तिसरी चूक उपग्रहाच्या तिरक्या नजरेची. चित्रात टाकीचा वरचा काठ एका बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे बाहेरची सावली काठापासून न मोजता टाकीच्या पायथ्यापासून मोजावी लागते. आणि पक्क्या छपराच्या किंवा घुमटाने झाकलेल्या टाक्यांना ही पद्धत लागूच पडत नाही. ढग असतील किंवा रात्र असेल तर रडारची चित्रं वापरतात. त्यात टाकीचा काठ, तरंगतं छप्पर आणि पायथा यांच्याकडून परतलेल्या लहरींमधल्या अंतरावरून पातळी काढता येते.

आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. तरंगत्या छपराला खाली पाय असतात. तेल दीड-दोन मीटरवर आलं की छप्पर पायांवर टेकतं. त्यानंतरही उपसा चालू ठेवला तर छपराखाली वाफेची पोकळी तयार होते, म्हणून एरवी तिथवर जात नाहीत. आपल्या उदाहरणातल्या टाकीत असं न उपसता येणारं तेल 50,000 बॅरलच्या आसपास असेल. साठा इतके दिवस पुरेल असं सांगितलं जातं तेव्हा हे तेल त्यात धरलंय का, हे विचारायलाच हवं.

साठवणीची जागा संपली की काय होतं, ते अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांमुळे जगाला कळलं. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा, म्हणजे आधी ठरवलेल्या भावाने पुढे माल घेण्याच्या कराराचा, भाव बॅरलमागे उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. ज्यांच्या नावावर वायदा होता, त्यांना कुशिंगमध्ये तेल ताब्यात घ्यावं लागणार होतं, आणि तिथे मोकळी टाकी मिळणं मुश्कील झालं होतं.

आता टाक्यांकडून कारखान्याकडे येऊ. उंच, बारीक सावल्या ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे तेल तापवून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या, मनोऱ्यांच्या. पांढरे लोट बहुतेक वेळा शीतक मनोऱ्यांतून येणाऱ्या पाण्याच्या वाफेचे असतात, त्यांना धूर समजू नये. पिवळा ढीग गंधकाचा. जोडीने उभे असलेले जाड ड्रम, त्यांच्यावर विंधनविहिरीवर असतो तसा लोखंडी सांगाडा आणि शेजारी काळा ढीग दिसला, की तो कोकर. जड, म्हणजे दाट, तेलाचा शेवटचा चिकट गाळ तिथे 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून फोडतात. एक ड्रम भरत असताना दुसऱ्यातला घट्ट झालेला, कोळशासारखा कोक पाण्याच्या जोरदार झोताने कापून काढतात. काळा ढीग त्याच कोकचा.

माझ्या मते देश तेलासाठी दुसऱ्यांवर किती अवलंबून आहे या वादात हा काळा ढीग आयातीच्या टक्केवारीपेक्षा जास्त सांगतो. कोकर असलेला कारखाना जड, गंधकयुक्त तेल पचवण्यासाठी बांधलेला असतो. त्याला हलकं तेल दिलं तर महागडी यंत्रं अर्धपोटी राहतात. अमेरिका 2020 मध्ये तेल आणि तेल-उत्पादनं मिळून निव्वळ निर्यातदार ठरली, तरी दररोज सुमारे 60 लाख बॅरल कच्चं तेल आयात करतच होती. तिच्या जमिनीतून निघणारं नवं तेल हलकं, आणि मेक्सिकोच्या आखातालगतचे कित्येक कारखाने जड तेलासाठी उभारलेले. ‘आपलंच तेल आपणच वापरू’ ही घोषणा इथे अडते.

तेल कुठल्या वाटेने येतं, तेही चित्रात दिसतं. जर्मनीतलं श्वेट पाहा. टाक्या आहेत, मनोरे आहेत, पण बंदर नाही. हा कारखाना रशियाकडून येणाऱ्या द्रुझ्बा या तेलवाहिनीवरच्या रशियन तेलावर चालत आला होता. 2022 संपताना जर्मनीने ते तेल बंद केलं. रोस्टॉक बंदराकडून येणारी वाहिनी होती, पण ती पूर्ण गरज भागवण्याइतकी मोठी नव्हती. मग पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातून आणि कझाकस्तानातून तेल आणण्याची व्यवस्था करावी लागली. करार बदलायला सही पुरते, वाहिनी रुंद करायला वर्षं लागतात.

एकाच ठिकाणावर किती भार असतो, हे सौदी अरेबियातल्या अबकैकने दाखवलं. तिथे कच्च्या तेलातला वायू आणि हायड्रोजन सल्फाइड काढून तेल जहाजावर चढवण्याजोगं करतात. 14 सप्टेंबर 2019 च्या हल्ल्यानंतर दररोज 57 लाख बॅरलचं, म्हणजे जगाच्या सुमारे 5 टक्के पुरवठ्याइतकं उत्पादन थांबलं. उपग्रह-चित्रांत गोलाकार टाक्यांवरची काळी भोकं एकेक करून मोजता येत होती.

अशा हल्ल्यांसाठी आणि अडवणुकीसाठीच साठे असतात. 1973 च्या तेलसंकटानंतर, 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या सदस्य देशांनी निव्वळ आयातीच्या किमान 90 दिवसांइतका साठा ठेवायचा असतो. यातला काही साठा टाक्यांत असतो, तो सावलीवरून ताडता येतो. अमेरिकेचा राखीव साठा मात्र टेक्सास आणि लुइझियानातल्या मिठाच्या थरांत कोरलेल्या 60 पोकळ्यांत ठेवलेला आहे. वरून पाहिलं तर विहिरींची तोंडं, नळ आणि पंपघरं दिसतात, सावली मोजण्याजोगं काहीच नाही. तिथे किती तेल उरलंय हे बघायचं तर अमेरिकी सरकार दर आठवड्याला प्रसिद्ध करतं ते आकडेच बघावे लागतात.

नमस्कार.