चिठ्ठी शेवटी वाचावी

अध्यक्षमहोदय आणि रसिकहो,

या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘जुन्या ऊदांची पारख’ असा विषय छापून आला, तेव्हा आमच्या शेजारच्या आजींनी मला विचारले, की ऊद जुना झाला म्हणजे त्याचा वास उतरत नाही काय? प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. तोच शब्द सुगंधी लाकडासाठी आपल्याकडे आला आणि उदबत्तीत कायमचा मुक्कामाला राहिला, परंतु त्याच नावाचे ते फुगीर पोटाचे, आखूड दांडीचे, बिनपडद्यांचे तंतुवाद्य मात्र आपल्या ओळखीचे झाले नाही. ते पश्चिमेकडे गेले आणि तिथे त्याचा ल्यूट झाला.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की दमास्कसच्या नह्हात घराण्याचा ऊद आतून कसा ओळखावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या एका कुटुंबाने घडवलेले ऊद आजही अरब वादकांना मानदंड वाटतात. ‘नह्हात’ म्हणजे कोरीव काम करणारा. धंदाच आडनाव झाला. मिरजेच्या सतारमेकर मंडळींची गोष्ट माहीत असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही, कारण हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी तिथे तंतुवाद्यांकडे वळली आणि पुढे सतार हीच त्यांची ओळख होऊन बसली. पण आडनावाची एक अडचण असते. अब्दो, रूफान, तौफीक असे अनेक नह्हात होऊन गेले, आणि काही वाद्यांत तर आत चिकटवलेल्या कारागिराच्या नावाच्या चिठ्ठीवर ‘इख्वान नह्हात’, म्हणजे नह्हात बंधू, एवढेच सापडते. त्यातल्या कोणत्या बंधूने रंधा धरला होता, हे चिठ्ठी सांगत नाही. इस्तंबूलच्या मानोलचे (१८४५-१९१५) तसे नव्हते. तो ग्रीक कारागीर स्वतःच्या एकट्याच्या नावाने गाजला, आणि इतका गाजला, की त्याच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला.

चिठ्ठीचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगतो. ज्यांनी ती पूर्वी ऐकली आहे त्यांनी कृपया नव्याने हसावे.

मी नोकरीनिमित्त शारजाला होतो. तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक ऊद दिसला. तबलीवरच्या, म्हणजे पोट झाकणाऱ्या पुढच्या पातळ फळीवरच्या, जाळीतून विजेरी मारली, तर आत पिवळट कागद, त्यावर अरबीत ‘नह्हात’, ‘दमास्कस’ आणि हिजरी साल. मी ते १३३० असे वाचले, म्हणजे इसवी सन १९११-१२. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती, मी ती दिली, आणि घरी आल्यावर “अहो, एवढा मोठा भोपळा ठेवायचा कुठे?” या प्रश्नाचे उत्तर देण्यात उरलेले तीन महिने घालवले.

पुढे एकाने मला हलबहून, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोहून, आलेल्या एका वृद्ध दुरुस्तीकाराकडे नेले. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मी मोठ्या तोऱ्याने साल सांगितले. त्याने जाळीतून क्षणभर पाहिले आणि म्हणाला, हे १३३५ आहे. अरबी लिपीतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, हे मला ठाऊक असूनही डोळ्यांनी मराठीच वाचले होते. माझा ऊद पाच वर्षांनी तरुण झाला. त्यानंतर बराच वेळ उस्तादांनी चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी वाद्य पालथे घातले, पाठीच्या फाका, म्हणजे वाकवून जोडलेल्या लाकडी पट्ट्या, तळाशी जिथे एकत्र येतात तिथे अंगठा फिरवला, मग दंतवैद्य वापरतात तसला लांब दांड्याचा छोटा आरसा जाळीतून आत घातला आणि मलाही पाहायला सांगितले. आत दोन फाकांच्या प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या रासायनिक गोंदाची रेघ होती. जुने काम सरसाने होत असे. सरस काळाने मधासारखा पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. मी म्हटले, मधे दुरुस्ती झाली असेल. ते म्हणाले, दुरुस्ती एका-दोन सांध्यांची होते, सगळ्यांची एकाच दिवशी होत नाही. शेवटी त्यांनी शेजारच्या वाण्याकडून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा मागवला. त्या उजेडात चिठ्ठी निळी निळी चमकू लागली, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्ये हल्ली घालतात, ती १९१७ च्या कागदात असणे शक्य नव्हते. पिवळेपणा बहुधा चहाचा असावा.

अध्यक्षांनीही एक चिठ्ठी पाठवली आहे. ही मात्र ताबडतोब वाचावी लागते: दहा मिनिटे उरली आहेत. त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो, ते आता धावतच सांगतो.

पहिली गोष्ट पोटाची. फाका साच्यावर वाकवून जोडतात, आणि कारखान्यातले साचे बापाकडून मुलाकडे जातात. म्हणून चिठ्ठी बदलता येते, पण पोटाची गोलाई बदलता येत नाही. खात्रीच्या नह्हात वाद्याचा पुठ्ठ्याचा नमुना कापून पाठीला लावून पाहावा. उघड्या तारेची लांबीही मोजावी: तुर्की ऊदात ती साधारण साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर असते, अरबीत एकसष्टच्या आसपास.

दुसरी तबली. ती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, तारा जिला बांधतात ती घोडी तिच्यावरच चिकटवलेली, त्यामुळे तारांच्या ताणाने घोडीपुढे ती बसते आणि मागे किंचित फुगते. शंभर वर्षांची तबली आरशासारखी सपाट असेल, तर आनंद मानू नये. बहुधा ती बदललेली आहे, आणि तबली बदलली की मूळ कारागिराचा नाद पुष्कळसा गेला. तबलीच्या पोटात आडव्या पट्ट्या असतात. त्या कुठे आणि किती अंतरावर बसवायच्या, हे प्रत्येक घराण्याचे खरे गुपित, आणि ते आरशातच दिसते.

तिसरी झीज. नखीने घासलेली जागा, खुंट्यांची भोके, दांडीवर बोटांनी पडलेले खळगे, या सर्वांचे वय एकमेकांशी जुळले पाहिजे. दांडी म्हातारी आणि तबली कुमारी असेल, तर प्रश्न विचारावेत. मात्र प्रामाणिक दुरुस्तीला नाक मुरडू नये; जे वाद्य कधीच उघडावे लागले नाही, ते बहुधा फारसे वाजलेलेही नसते. २०२२ मध्ये युनेस्कोने सीरिया आणि इराणच्या प्रस्तावावरून ऊद घडवण्याच्या आणि वाजवण्याच्या परंपरेला वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या वारशात दुरुस्ती करणारे हातही आले, असे मी मानतो.

नादाबद्दल बोलायचे राहिलेच. टेबलावर ठेवलेला ऊद तो शारजाचाच आहे. मी तो परत केला नाही, कारण त्याचा खर्ज बरा आहे. ज्यांना आत डोकवायचे असेल त्यांनी रांगेने यावे, आरसा एकच आहे. चिठ्ठी मी मुद्दाम काढलेली नाही.