कौल कुणाचा, लग्न कुणाचे

नमस्कार श्रोतेहो.

मराठी माणसाला 'जनमत कौल' म्हटले की गोवा आठवतो. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हे १६ जानेवारी १९६७ रोजी तिथल्या मतदारांना विचारले गेले. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती, आणि सुमारे ३४ हजार मतांनी दोन पाने जिंकली. तो निकाल अनेकांच्या जिव्हारी लागला, तरीही तो मानला गेला. कारण मत देणाऱ्याचेच घरदार, त्याचीच भाषा आणि त्याचेच पुढचे दिवस त्या मताने ठरणार होते. आज मी ज्या कौलाबद्दल बोलणार आहे, तो नेमका या एका बाबतीत निराळा होता.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ४ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले त्याच दिवशी, मतदारांपुढे आठव्या क्रमांकाचा एक प्रस्ताव होता. तिकडे त्याला 'प्रपोझिशन ८' म्हणतात. कॅलिफोर्नियात केवळ स्त्री आणि पुरुष यांच्यातील विवाहच वैध असेल व मानला जाईल, एवढे एकच वाक्य राज्यघटनेत घालायचे होते. मूळ इंग्रजीत ते अवघ्या १४ शब्दांचे आहे. सुमारे ५२ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला आणि जून महिन्यापासून सुरू झालेली समलिंगी जोडप्यांची लग्ने त्या १४ शब्दांनी थांबली.

हे इतक्या सहज कसे घडू शकले, हे समजून घेण्यासाठी तिथली पद्धत पाहायला हवी. रेल्वे कंपन्यांच्या मुठीत गेलेल्या विधिमंडळाला वळसा घालून लोकांना थेट कायदा करता यावा, म्हणून १९११ मध्ये कॅलिफोर्नियाने हा मार्ग खुला केला. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत जितकी मते पडली, त्यांच्या ८ टक्के इतक्या मतदारांच्या सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. २००८ मध्ये त्यासाठी ७ लाखांच्या आसपास सह्या लागत होत्या. त्यानंतर साधे बहुमत मिळाले की काम झाले. त्याच राज्यात त्या काळी वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करायला विधिमंडळात दोनतृतीयांश मते लागत. जमाखर्चाच्या वहीला इतके मोठे कुलूप, आणि माणसाच्या हक्काच्या दाराला नुसती कडी, ही विसंगती मला आजही अस्वस्थ करते.

प्रस्तावामागे मोठी पार्श्वभूमी होती. हेच १४ शब्द २००० सालच्या मार्च महिन्यात साध्या कायद्याच्या रूपाने लोकांपुढे आले होते आणि ४६ लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाले होते. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात मुख्य न्यायमूर्ती रोनाल्ड जॉर्ज यांनी आपल्याच न्यायालयाच्या १९४८ सालच्या एका निर्णयाचा आधार घेतला, ज्या निर्णयाने गोऱ्या आणि बिगरगोऱ्या व्यक्तींच्या परस्पर विवाहावरील बंदी उठवली होती. ती बंदीसुद्धा एके काळी परंपरेच्या नावानेच चालत आलेली होती, हे विसरता येत नाही.

१६ जून २००८ च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचे लग्न झाले. डेल ८७ वर्षांच्या होत्या, फिलिस ८३ वर्षांच्या, आणि दोघींचा संसार १९५३ पासूनचा होता. त्यांचे हे दुसरे लग्न, तेही एकमेकींशीच! २००४ च्या फेब्रुवारीत याच इमारतीत, महापौर गेव्हिन न्यूसम यांनी दिलेल्या परवान्यावर, त्यांचे लग्न लागले होते. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते रद्द केले, कारण असे परवाने देण्याचा अधिकार शहराला नव्हता. पन्नास वर्षांहून अधिक काळ एका घरात राहिलेल्या दोन वृद्ध स्त्रियांना एक कागद मिळतो, हातातून काढून घेतला जातो आणि पुन्हा मिळतो. दुसऱ्या लग्नानंतर अवघ्या अडीच महिन्यांत डेल वारल्या.

प्रस्तावाच्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे. विवाह ही राज्यसंस्थेपेक्षा जुनी व्यवस्था आहे, तिचा संबंध अपत्याशी आणि वंशाशी आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि ४६ लाख लोकांनी ठरवलेली गोष्ट चार न्यायमूर्ती कशी काय पुसून टाकतात, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रचारात मात्र या सवालापेक्षा शाळेत लहान मुलांना काय शिकवले जाईल, याची भीतीच अधिक दाखवली गेली. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च ८ कोटी डॉलरच्या वर गेला. शब्दांवरूनही भांडण झाले: राज्याचे अॅटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी मतपत्रिकेवर 'समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क संपुष्टात आणतो' असे शीर्षक दिले, प्रस्तावाचे समर्थक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने शीर्षक तसेच ठेवले. माझ्या मते ते शीर्षक खरे होते, कारण हक्क त्या दिवशी अस्तित्वात होता आणि काढून घ्यायचा होता.

माझे मत मी स्पष्टच सांगते. ज्या ५२ टक्क्यांनी होकार दिला, त्यांच्यापैकी स्त्रीपुरुष जोडप्यांच्या लग्नाला त्या मताने धक्का लागणार नव्हता, आणि नकार जिंकला असता तरीही लागणार नव्हता. गोव्यातल्या मतदाराने स्वतःबद्दल कौल दिला होता. इथे बहुतेकांनी शेजाऱ्याबद्दल दिला.

मे २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी ही दुरुस्ती मान्य केली. एकट्या न्यायमूर्ती कार्लोस मोरेनो यांनी लिहिले की, एखाद्या अल्पसंख्य गटाचा मूलभूत हक्क असा साध्या बहुमताने काढता येऊ लागला, तर समतेच्या तत्त्वाचा गाभाच जातो. मात्र मधल्या पाच महिन्यांत झालेले सुमारे १८ हजार विवाह त्या निकालाने वैध राखले. त्यामुळे एकाच गल्लीत एक जोडपे विवाहित आणि शेजारचे तसेच जोडपे अविवाहित, असे घडले. दोघांत फरक फक्त तारखेचा.

तारखेवरून एक आठवण सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, या मतदानाच्या बरोबर ६० वर्षे आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना म्हणाले होते की, घटनात्मक नैतिकता, म्हणजे घटनेबद्दलचा मनापासूनचा आदर, ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते.

मग लोकांना विचारूच नये काय? आयर्लंडमध्ये घटना बदलायची तर सार्वमत घ्यावेच लागते. तिथे आधी १०० जणांच्या घटना परिषदेत, ज्यात ६६ सामान्य नागरिक होते, या विषयावर शांतपणे चर्चा झाली. जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितले, आणि मे महिन्यात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. त्या निकालाचा मला आनंद आहे, पण लाखो घरांची दारे ठोठावून 'मला लग्न करू द्या' अशी विनवणी करावी लागणे, हे त्या हो मध्येही सलत राहते.

कॅलिफोर्नियात २०१३ च्या जूनमध्ये केंद्रीय न्यायालयांच्या निर्णयांमुळे लग्ने पुन्हा सुरू झाली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर तो हक्क मान्य केला. ते १४ शब्द मात्र निष्प्रभ होऊनही घटनेत छापलेले राहिले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा आपलाच जुना निकाल फिरवला आणि त्यातले एक न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असे लिहिले, तेव्हा झोपलेले वाक्य जागे होऊ शकते, हे लोकांच्या ध्यानात आले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ६२ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते वाक्य घटनेतून काढून टाकले. फिलिस लायन २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. त्या दिवशी ते वाक्य घटनेत होतेच.