गोरी वहिनी, वेडं पिल्लू आणि मनगटातला जोर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या आसपासच्या कुठल्याही बालवाडीत जा आणि पोरांना म्हणा, "गाणं म्हणा बघू." दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर 'गोरी गोरी पान' येणारच. टाळ्या वाजवत, माना डोलवत सगळी पोरं दादाकडं वहिनी मागतात. गाणं गदिमांचं. म्हणजे आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचं. गायलंय आशाताईंनी, त्यांचाही जन्म सांगलीचाच, १९३३चा. चाल श्रीनिवास खळ्यांची. तिघांतले दोघं आपल्या जिल्ह्याचे, त्यामुळं या गाण्याबद्दल बोलायचा आपल्याला थोडा जास्तच हक्क आहे असं मी धरून चालते.

मी सुगम संगीताचा क्लास घेते आणि हे गाणं आजही शिकवते. लहान गळ्याला इतकी सोपी, इतकी गोड चाल दुसरी पटकन सापडत नाही. आणि कवीची करामत बघा. वहिनी गोरी, पण साडी अंधाराची. त्या अंधारावर चांदण्यांची खडी. तिला आणायला चांदोबाची गाडी, गाडीला हरणांची जोडी. लहान मुलाच्या डोळ्यांसमोर अख्खं आभाळ उभं राहतं. पण त्या आभाळाखाली एक साधी गोष्टही पक्की होऊन जाते. घरात येणारी बाई कशी असावी? तर गोरी, फुलासारखी. पाढे यायच्या आधी हे पाठ झालेलं असतं. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांत एखादी चांगली काळीसावळी पोरगीही असते, तीही तेवढ्याच जोरात वहिनी मागते. तिला काही खटकत नाही. खटकायला वेळ असतो अजून. चौथी-पाचवीत कुणीतरी मावशी-आत्या हनुवटी धरून म्हणते, "नाकीडोळी नीटस आहे हो, रंग तेवढा उजळायला पाहिजे." तिथून पुढं ते गाणं तिच्या कानात वेगळं वाजायला लागतं.

आणि मग येतो लग्नाचा बायोडाटा. त्यात जन्मवेळ, रास, गोत्र यांच्या रांगेत एक रकाना असतो, वर्ण. त्यात लोक गोरा लिहितात, निमगोरा लिहितात, गव्हाळ लिहितात. 'काळा' असं लिहिलेला बायोडाटा तुम्ही पाहिलाय? मी नाही पाहिला. मुलाच्या बायोडाटातही हा रकाना असतो, पण तिथं नजर थेट नोकरी आणि शेतीवर जाते.

आता गंमत पुढंच आहे. ह्याच तिघांचं, गदिमा, खळे आणि आशाताईंचं, दुसरं गाणं आठवा. एका तळ्यातल्या बदकांचं आणि त्यातल्या एका कुरूप वेड्या पिल्लाचं. कुणी त्याला जवळ घेत नाही, सगळे हसतात, टोचतात. एकाच लेखणीतून गोरी वहिनीही आली आणि हे हिणवलेलं पिल्लूही आलं. गोष्टीचं मूळ डेन्मार्कच्या हॅन्स अँडरसनकडं. त्याची कथा १८४३ सालची. आपल्याकडं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक केलं तेही १८४३ सालीच. हा निव्वळ योगायोग, पण सांगलीकराला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या गाण्यानं माझ्या क्लासमधल्या मुली हमखास हळव्या होतात. मोठ्याही होतात. शेवटी ते पिल्लू पाण्यात स्वतःकडं बघतं आणि त्याला कळतं की आपण राजहंस आहोत. कुणी येऊन त्याला सर्टिफिकेट दिलेलं नाही, त्याचं त्यानं पाहिलं, हे मला फार आवडतं. तरी एक शंका मनातून जात नाही. त्याची सुटका झाली ती शेवटी देखणं निघाल्यामुळं. समजा त्याला पाण्यात राजहंस दिसलाच नसता? एक साधं, जरा बेढब बदकच दिसलं असतं तर? मग टोचणारे बरोबर ठरले असते का? एका मुलीनं मला हे विचारलं होतं. मी तिला म्हटलं, दुसरं कडवं घे. कारण या प्रश्नाचं उत्तर गाण्यात नाही, आणि ते गाण्याकडं मागावं असंही मला वाटत नाही. त्यासाठी वेगळी गाणी शोधावी लागतात.

राजहंसावरून आठवलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही त्यांची रंगमंचावरची स्त्रीरूपं. त्या काळातलं लोकप्रिय संगीत म्हणजे नाट्यसंगीतच होतं, आणि त्या संगीताबरोबर बाईनं कसं दिसावं हेही घरोघरी पोचलं. चांगल्या घरच्या बायका बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायला लागल्या, तसा अंबाडा घालायला लागल्या, तसे गजरे माळायला लागल्या. म्हणजे मराठी बाईपणाचा त्या काळातला नमुना एका पुरुषानं घालून दिला. यात मी त्यांना नावं ठेवत नाही, त्या गळ्यापुढं नावं ठेवायची कुणाची छाती? मला वेगळीच गोष्ट टोचते. पुढं वय झालं, शरीर थकलं, तरी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि लोक गाणं ऐकायला गेले. वयाची आणि अंगाची एवढी सूट खऱ्या बाईला रंगमंचावर किंवा पडद्यावर कितीदा मिळाली?

हिंदीकडं वळू. १९६५ साली 'गुमनाम' आला. त्यात मेहमूद लुंगी सावरत, आम्ही काळे असलो म्हणून काय झालं, दिलवाले आहोत, असं सांगत नाचतो. रफीसाहेबांचा आवाज. थिएटर हसलं, टाळ्या पडल्या. पण असं गाणं नायिकेला कधी मिळालं? त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ च्या 'बंदिनी'त नूतनच्या तोंडी गुलजारांचं गाणं आहे, त्यांचं सिनेमातलं पहिलंच. त्यात ती आपलं गोरं अंग देऊ करते आणि त्या बदल्यात सावळा रंग मागते, म्हणजे रात्रीच्या अंधारात प्रियकराकडं जाताना कुणाला दिसायला नको. कल्पना अप्रतिम आहे, लताबाईंनी गायलंय तर विचारूच नका. पण नीट पाहा, सावळा रंग मागायचा तोही आधी गोरं असल्यावर. मुळातच सावळी असलेली मुलगी या सौद्यात काय देणार?

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर २०१५ सालचं 'रॉय'मधलं 'चिट्टियां कलाइयां' अजून हळदीच्या रात्री वाजतं. पंजाबी ठेक्यावर आपल्या गोऱ्यापान मनगटांचं कौतुक. आपल्या जिल्ह्याची हळद देशभर जाते, सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तीच हळद अंगाला लावून पोरगी पाटावर बसलेली असते आणि मागं डीजेवर गोऱ्या मनगटांचं गाणं. कुणी मुद्दाम लावत नाही, यादीतच असतं ते.

२०२० साली दोन गोष्टी झाल्या. वर्षानुवर्षं गोरेपणा विकणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'नं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आणि 'खाली पीली' सिनेमातलं एक गाणं आलं, त्यात नायिकेला गोरिया म्हणून पुढं म्हटलं होतं की तुला बघून बियॉन्से लाजेल. बियॉन्से ही अमेरिकेतली कृष्णवर्णी गायिका, जगातल्या सगळ्यात मोठ्या कलाकारांपैकी एक. लोक भडकले आणि गाण्यातून तिचं नाव गेलं. तिच्या जागी दुनिया लाजायला लागली. गोरिया मात्र होती तिथंच राहिली.

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कानात हल्ली इंग्रजी गाणी असतात. त्यांचं म्हणणं, बाई, तिकडं आता सगळं बदललंय. थोडं बदललंय, खरं आहे. १९९९ सालीच टीएलसी या तीन मुलींच्या गटानं 'अनप्रिटी' नावाचं गाणं केलं होतं. बाजारातला सगळा मेकअप विकत घेतलास तरी आत बरं वाटत नसेल तर काय उपयोग, असा त्याचा सूर. ते मला पटतं. २०१४ साली मेगन ट्रेनर या गायिकेचं गाणं जगभर गाजलं, भरल्या अंगाच्या मुलींच्या बाजूचं म्हणून. उड्या मारावं असं गाणं आहे, मीही मारल्यात. पण त्यात धीर कशाचा दिलाय? तर मुलांना असं अंग आवडतं, याचा. आणि जाता जाता सडपातळ मुलींना टोमणा आहेच. म्हणजे परीक्षा तीच, परीक्षकही तेच, फक्त निकाल उलटा. वन डायरेक्शन या पोरांच्या गटाचं २०११ चं गाणं तर कमालच. तू सुंदर आहेस हे तुला माहीत नाही, म्हणूनच तू सुंदर आहेस. मग तिला कळलं की संपलं का सगळं? माझी भाची म्हणते, मावशी, तू गाणी ऐकतेस का उलटतपासणी घेतेस. घेते बाबा. दोन्ही करते.

आता लावणीकडं येते, कारण बाईच्या शरीराबद्दल बोलायचं आणि लावणी वगळायची हे सांगली-साताऱ्यात शोभणार नाही. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. मूळ नाव श्रीधर कृष्णा कुलकर्णी. ब्राह्मणाचा पोरगा, तमाशाच्या फडात गेला आणि पवळाबाईंच्या साथीनं महाराष्ट्र वेडा केला. त्या लावण्यांत बाई स्वतःबद्दल बोलते, मागते, रुसते, चिडवते. तोंड बाईचं, पण लेखणी पुरुषाची. समोर फेटे उडवणारेही पुरुषच. तरीही लावणी त्यांच्यापुरती उरली नाही, कारण म्हणणारी बाई हुशार असली की लिहिणाऱ्याच्या पुढं निघून जाते.

त्यासाठी वाईच्या यमुनाबाई ऐका. यमुनाबाई वाईकर, २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. त्यांची बैठकीची लावणी. बाई बसलेली, पाय दुमडलेले, कंबर-बिंबर काही दिसत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा अर्थ बदलायचा. एकदा पदराच्या टोकानं, एकदा नुसत्या भुवईनं, एकदा हात हवेत अर्धवट थांबवून. उतारवयातही त्या हे करत होत्या आणि समोरचा माणूस हलत नव्हता. वय किती, वजन किती, रंग कोणता, हे विचारायला त्या अदेत फटच सापडायची नाही.

आणि ज्या गाण्यांत लेखणीही बाईची आहे ती म्हणजे जात्यावरच्या ओव्या. माण, खटाव, जत, आटपाडी, कुठंही जा, सत्तरी ओलांडलेल्या आजीला बोलतं केलं की दहा-वीस ओव्या निघतातच. ओवी म्हणणारीला कुणी बघत नाही. पहाटेचा अंधार, जातं आणि ती. त्यामुळं तिथं शरीर आहे, पण ते दिसायचं शरीर नाही, राबायचं आहे. घाम आहे, दुखणारा खांदा आहे, बाळंतपण आहे. एक कल्पना कितीतरी ओव्यांत येते, की मी हे जड जातं ओढते तो जोर माझ्या आईच्या दुधाचा, तो माझ्या मनगटात खेळतोय. मनगट हिंदी गाण्यातही आहे आणि इथंही आहे. तिथं ते गोरं आहे म्हणून मिरवायचं, इथं पायली-पायली दळतंय म्हणून. ओव्यांत सगळंच असं उजळ नाही हेही सांगते. लेकाच्या बायकोचं गोरेपण मिरवणाऱ्या ओव्याही आहेतच. आजीच त्या, त्यांनाही गोरी सूनच हवी होती.

मागं आमच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात लावणी घ्यायचं ठरलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाड्याच्या शिवलेल्या नऊवाऱ्या येतात, त्यांच्या कंबरेला हूक असतात. ज्या पोरीला हूक लागत नाही ती मागच्या रांगेत तरी जाते नाहीतर फेटा बांधून पाटील तरी होते. आमच्याकडंही अशी एक होती, अंगानं भरलेली, आवाज मात्र घंटेसारखा. तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं, "बाई, मी पाटील होते." इतकी सवय झालेली.

मी भाड्याचे कपडे आणलेच नाहीत. बैठकीची लावणी घ्यायची ठरवली आणि मुलींना सांगितलं, घरात आजीचं लुगडं असेल तर घेऊन या. न शिवलेलं नऊवार बघा, त्याला साइज नसतो. जी नेसेल तिच्या मापाचं होतं ते. पाटील व्हायला निघालेल्या त्या पोरीची आजी इचलकरंजीकडची. स्वतः आली, बोचक्यातून हिरवं लुगडं काढलं आणि नातीला नेसवताना निऱ्या घट्ट खोचत म्हणाली, "पोट आत घेऊ नगस. गाणार कशी मग?" सुगम संगीताच्या क्लासमध्ये श्वासाबद्दल मी जे शिकवते ते तिनं एका वाक्यात उरकलं. गाताना पोट सुटंच लागतं. आरशासमोर श्वास ओढून उभं राहायची सवय लागलेल्या मुलींचा आवाज वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला पोचत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पोरगी मधोमध बसली. ढोलकीवाल्यानं ढोलकी काळी दोनला, म्हणजे जरा खालच्या सुरात लावून ठेवली होती. तिनं पहिली ओळ घेतली, त्याच्याकडं वळली आणि म्हणाली, "दादा, काळी चार करा, मला खाली पडतंय." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, करा.