शेपटी जिरते, गुडघा झिजतो

बेळगावहून खानापूरकडे निघालं की आषाढात दोन्ही बाजूंना भाताची रोप लागवड दिसते. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या. त्यांच्या पायांशी गढूळ पाण्यात बेडूकमासे वळवळताहेत. हा जवळून बघा. मागचे पाय फुटलेत, शेपटी अजून आहे. ती गळून पडणार नाही, अंगातच जिरेल.

ती जिरवतं कोण? 1962 साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडूकमाशाच्या ऊतींचे तुकडे कोलॅजेनच्या, म्हणजे कातडी, हाडं, कूर्चा यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, थरावर ठेवले. तुकड्यांभोवतीचं कोलॅजेन विरघळून गेलं. कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) हाती लागलं ते असं.

कोलॅजेन भलतं चिवट. तीन साखळ्यांचा घट्ट पीळ. तो शाबूत असेपर्यंत पोटातलं पचनाचं विकर पेप्सिनही त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. कोलॅजिनेज मात्र नेमक्या एका जागी, लांबीच्या साधारण तीन चतुर्थांशावर, तो तोडतं. त्यासाठी त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. तुटलेला पीळ मग अंगातल्या उबेनंच उलगडतो आणि बाकीची विकरं त्याचा फडशा पाडतात.

याच घराण्यातली विकरं आपल्या गुडघ्यातही आहेत. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत, म्हणजे गुळगुळीत लवचीक आवरणात, कोलॅजेनची जाळी असते आणि जाळीत पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकन हे प्रथिन. भार पेलतो तो या पाण्याच्या जोरावर. झीज सुरू होते तेव्हा अ‍ॅग्रिकनेज विकरं आधी अ‍ॅग्रिकन कापतात. जाळी उघडी पडते, मग एमएमपी-13 नावाचं कोलॅजिनेज कोलॅजेनवर चालून जातं. ही विकरं बनवतात कूर्चेच्याच पेशी! त्यांना आवर घालणारी टिम्प नावाची प्रथिनंही तिथंच असतात, पण ती कमी पडतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. गेलेली जाळी पुन्हा जवळजवळ विणलीच जात नाही.

'गुडघ्यातलं वंगण संपलं, वय झालं,' एवढं सांगून भाताची लावणी करणाऱ्या बाईला घरी पाठवतात. हे मला पटत नाही. तिच्या सांध्यात पेशींचं जिवंत काम बिघडलेलं असतं.

मग ही विकरं औषधानं सरसकट बंद का करू नयेत? कर्करोगासाठी तशी औषधं वापरून पाहिली, तेव्हा रुग्णांचेच सांधे दुखून आखडले. जखम भरायला, हाड घडायलाही हीच विकरं लागतात. त्यामुळे आज तरी मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, यांचाच भरवसा जास्त.